पहिल्या पावसातील राणी मुंगी : शोध, संग्रह आणि संयम

जूनच्या मध्यास शाळा उघडते आणि त्याच सुमारास मृगाचा पाऊसही येतो. सुटीहून परतलेली मुले वसतिगृहाच्या व्हरांड्यात जेवणाच्या घंटेची वाट पाहत बसलेली असतात. बाहेर ओल्या मातीचा वास असतो, वारा पडलेला असतो आणि दिव्याभोवती शेकडो पंखधारी कीटक घिरट्या घालू लागतात. ताटात किडे पडू नयेत म्हणून स्वयंपाकघरातील मावशी दिवे मालवतात आणि मुले ओरडतात, "वाळवी उडाली!" माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी आमच्याबरोबर त्या संध्याकाळी अंगणात वाकून जमीन न्याहाळली आहे, त्यांना पुढचे वाक्य पाठ असेल : उडणारी प्रत्येक वाळवी ही वाळवी नसते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. जीवशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि पुराव्यावाचून विधान करू नये, ही इतिहासाची शिस्त कीटकाच्या बाबतीतही तितकीच लागू पडते, हे आम्ही या अंगणातच शिकलो. जे शिकलो आणि शिकताना जी चूक केली, ते दोन्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवून ठेवावे, असे वाटले.

प्रथम ओळख. वाळवीचे शरीर सरळ असते, कंबर दिसत नाही. तिच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि चारही पंख जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, मिशा कोपरात वाकल्यासारख्या मुडपलेल्या असतात आणि पुढील पंखांची जोडी मागील जोडीहून लांब असते. एवढ्या तीन खुणा पाहिल्या की दुसरीतले मूलही चुकत नाही.

पंख असलेल्या मुंग्यांत नर आणि मादी असे दोन्ही असतात. नर सडपातळ, लहान डोक्याचा. मादी, म्हणजे भावी राणी, आकाराने मोठी; उडण्याचे स्नायू सामावण्यासाठी तिच्या छातीचा भाग फुगीर असतो, पोट भरदार असते आणि कपाळावर तीन लहान साधे डोळे दिसतात. उष्म्याचे दिवस संपत येऊन पाऊस पडला, हवा दमट आणि शांत झाली, की एकाच प्रजातीच्या अनेक घरांतून नर आणि राण्या जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. हेच मीलन-उड्डाण. वेळ प्रजातीनुसार निराळी असते. कोणी पहाटे उडतात, कोणी दुपारी. आमच्या अंगणात मोठ्या काळ्या मुंगळ्यांच्या राण्या दिवेलागणीनंतर अधिक दिसतात. एकाच वेळी उडण्याचे दोन लाभ आहेत. निरनिराळ्या घरांतील नर-मादी एकत्र येतात. आणि कोतवाल, साळुंक्या, पाली, बेडूक यांनी कितीही खाल्ल्या तरी काही उरतात.

मीलनानंतर नर थोड्याच दिवसांत मरतात. राणी जमिनीवर उतरते आणि स्वतःचे पंख स्वतःच पाडते. पंख गळालेल्या जागी छातीच्या दोन्ही बाजूंना बारीक व्रण राहतात. शोधावयाची ती हीच. पंख असलेली मादी उचलली तर तिचे मीलन झाले आहे की नाही, याची खात्री नसते. पंख टाकून, भिंतीच्या कडेने, दगडांच्या फटी तपासत, घाईघाईने चालणारी एकटी मोठी मुंगी दिसली, तर ती बहुधा घरासाठी जागा शोधणारी राणी होय.

जागा सापडली की ती लहानशी खोली खणते आणि आतून दार बंद करते. मुंगळ्यासारख्या अनेक प्रजातींत राणी या काळात काहीही खात नाही. आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू शरीरात विरघळतात, त्यांवर आणि साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही जगवते. अंडे, अळी, कोश या अवस्थांतून महिना-दोन महिन्यांनी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. त्या नेहमीपेक्षा आकाराने लहान असतात, कारण त्या उपाशी आईच्या अंगावर वाढलेल्या असतात. त्या दार उघडून अन्न आणतात आणि तेव्हा राणीचा उपवास सुटतो. एकाच काळात झालेल्या मीलनातील शुक्रपेशी तिच्या शरीरातील पिशवीत आयुष्यभर टिकतात. फलित अंड्यापासून मादी होते, अफलित अंड्यापासून नर. प्रयोगशाळेत सांभाळलेली लॅसियस नायजर या प्रजातीची एक राणी सुमारे २९ वर्षे जगल्याची नोंद आहे.

आता संग्रहाची रीत. एक काचेची परीक्षानळी घ्यावी. तिचा तळाकडील तिसरा भाग पाण्याने भरावा, पाण्याला अडवून धरील असा कापसाचा घट्ट बोळा आत सरकवावा. उरलेल्या कोरड्या भागात राणीला सोडावे आणि तोंडाशी हवा खेळेल असा सैल बोळा लावावा. एका नळीत एकच राणी. नळी काळ्या कागदात गुंडाळून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच पाहावे. वारंवार हलवले तर राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. पहिल्या कामकरी मुंग्या आल्यावर साखरपाण्याचा थेंब आणि मेलेल्या माशीचा तुकडा पुरे होतो.

ही रीत आम्हांस आरंभी ठाऊक नव्हती. पहिल्या वर्षी मुलांनी उत्साहाने चौदा राण्या गोळा केल्या. आम्ही त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या, झाकण घट्ट लावले आणि बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, ऊन आले. मधल्या सुटीत पाहिले तो चौदाही निपचित. सहावीतील एक मुलगी बराच वेळ बरणीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, चौदा मुंग्या मेल्या की चौदा घरं मेली?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पावसाळ्याच्या आरंभी गवताचे कोवळे अंकुर आणि लहान जीव पायाखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर तथागतांनी भिक्खूंना वर्षावासात एका जागी राहण्यास सांगितले, हे विनयपिटकातील वृत्त आम्ही दर आषाढ पौर्णिमेला मुलांना सांगत होतो. आणि त्याच मोसमात, ज्ञानाच्या नावाखाली, आमच्याच निष्काळजीपणाने चौदा जीव गेले. उडालेल्या राण्यांपैकी फारच थोड्या घर वसवू शकतात, हे खरे आहे. तरीही त्या सत्याच्या आडोशास उभे राहणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

त्या दिवशी मुलांच्या सभेने नियम केले. वर्षाला तीनच राण्या घ्यावयाच्या. आधी वहीत तारीख, वेळ, पाऊस आणि जागा यांची नोंद, मगच नळी. विक्री नाही, देणे-घेणे नाही. दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक कुटुंब जेथून आणले तेथेच, ओल्या मातीत सोडावयाचे. आजही हे नियम प्रयोगशाळेच्या दारावर आहेत. या नियमांचे मोल २०२५ साली पुन्हा पटले. त्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांजवळ, कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या सुमारे ५,००० राणी मुंग्या सापडल्या. मे महिन्यात न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड अथवा बारा महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा सुनावली. नळी आणि कापूस आमच्यासारखेच होते. हेतू आणि संख्या मात्र निराळी होती.

आता एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. कीटकशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत राणी, कामकरी आणि काही प्रजातींतील मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या या प्रकारांना 'कास्ट' म्हणतात. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातही कामकरी मुंग्यांच्या प्रकारांसाठी हाच शब्द आहे. पोर्तुगीजांनी आपल्या समाजास लावलेला हा शब्द तेथून मुंग्यांच्या वारुळात शिरला. त्यामुळे निसर्गातच जात आहे, असा निष्कर्ष कोणी सहज काढील. आमच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलेच, "राणीची मुलगी राणीच होते का?"

याचे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. बहुतेक प्रजातींत एकाच राणीच्या सारख्याच फलित अंड्यांतून राणीही होते आणि कामकरीही. कोण काय होणार, हे मुख्यतः अळीला मिळणारे अन्न, उबारा आणि घराची त्या वेळची स्थिती यांवर ठरते. काही प्रजातींत अनुवंशाचाही भाग असतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पश्चिम घाटात व दक्षिण भारतात आढळणाऱ्या हार्पेग्नॅथस सॅल्टेटर या उडी मारणाऱ्या मुंगीत तर राणी मेल्यावर कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात आणि जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. प्रयोगात अशा मुंगीला पुन्हा कामकरी होतानाही पाहिले गेले आहे. मग जन्माने ठरणारी, पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारी ती 'जात' येथे कोठे आहे? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील भेद दाखवून दिला. हा भेद ध्यानात असलेला विद्यार्थी त्या पारिभाषिक शब्दाला फसत नाही. आम्ही वर्गात 'प्रकार' म्हणतो.

'राणी' हा शब्दही तसाच फसवा. मधमाश्यांच्या पोळ्यातील मोठ्या माशीस ॲरिस्टॉटल राजा समजत असे. सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडाम याने विच्छेदन करून तिच्या पोटात अंडाशय असल्याचे दाखवले. राजाची राणी झाली, पण राज्याची कल्पना तशीच राहिली. वास्तविक मुंग्यांची राणी कोणालाही आज्ञा करीत नाही. ती अंडी घालते, आणि घराचे काम प्रत्येक मुंगी गंध व स्पर्श यांच्या आधारे करीत असते.

म्हणून मुंग्यांकडून समाजरचना शिकावी, असे आमचे म्हणणे नाही. माणसाला विचार आहे, कायदा आहे, करुणा आहे. त्याने आपली व्यवस्था वारुळावरून बेतू नये. मात्र कीटकाला दिलेले नाव आणि कीटकाचे प्रत्यक्ष जीवन यांत अंतर असू शकते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो माणसाला दिलेल्या नावाविषयीही प्रश्न विचारू लागतो. मूल काय होईल हे त्याच्या पोटात काय पडते आणि त्याला कोण सांभाळते यावर पुष्कळ अवलंबून असते, हे वसतिगृहात मूल ठेवणाऱ्या पालकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

बरणीजवळ उभी राहिलेली ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. मागील पावसाळ्यात ती आपल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींची वही घेऊन आली होती. पहिल्या पानावर नियम होते, आमच्यासारखेच, फक्त तीनऐवजी एकच राणी. येत्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दिवे मालवण्यापूर्वी आपणही मुलांना घेऊन थोडा वेळ अंगणात उतरावे, पाऊल जपून टाकावे आणि काय दिसले ते लिहून ठेवावे. ती वही शाळेकडे पाठविल्यास आमच्या नोंदींशी ताडून पाहता येईल.