व्यापारी पत्रातील जोडक्रियापदे : 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द की रवाना?

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज कापडाच्या धंद्यात आहेत. यंत्रमाग, प्रोसेस, दलाली, तयार कपडे, निर्यात अशा कोणत्या ना कोणत्या कामात ते असतात. पूर्वी परदेशी पार्टीचे पत्र महिन्यातून एखादे येई. आता ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर दिवसातून दहा निरोप येतात. त्यातले इंग्रजी अवघड नसते. अवघड शब्द आला तर माणूस सावध होतो, कोणाला तरी विचारतो. फसगत होते ती सोप्या शब्दांनी. कॉल, सेट, मेक, होल्ड, पुट ही शाळकरी मुलालाही येणारी क्रियापदे आहेत. पण त्यांच्यामागे ऑफ, अप, डाउन, थ्रू असा एखादा लहान शब्द लागला की अर्थ पार बदलतो. यांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

सन २००४ ची गोष्ट आहे. एका निर्यातदारामार्फत इंग्लंडच्या खरेदीदाराचा ४०,००० मीटर पॉपलिनचा सौदा माझ्याकडे होता. माल एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यायचा होता. एके दिवशी फॅक्स आला, 'वुई विश टू कॉल ऑफ टेन थाउजंड मीटर्स फॉर मे डिलिव्हरी.' शाळेत 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे असे पाठ केले होते. मी समजलो, १०,००० मीटर रद्द झाले. माल अंगावर पडू नये म्हणून तयार ताके मीटरमागे दोन रुपये कमी घेऊन एका स्थानिक पार्टीला देऊन टाकले. पुढे एका शुक्रवारी जुम्याची नमाज पढून दुकानात आलो तो निर्यातदाराचा फोन, "शेठ, मे महिन्याचा माल कुठे आहे?" तेव्हा उलगडा झाला की खरेदीदाराने माल रद्द केला नव्हता, मागवला होता! मग बाजारातून सौद्याच्या भावापेक्षा मीटरमागे तीन रुपये जास्त देऊन माल उचलला आणि वेळ निभावली. दोन्हीकडचे मिळून ५०,००० रुपये या दोन शब्दांपायी गेले. चूक माझीच होती. विचारायला एक फोन पुरला असता.

मोठा सौदा एकदाच करून त्यातला माल गरजेप्रमाणे थोडा थोडा मागवायचा, या मागणीला इंग्रज व्यापारी 'कॉल ऑफ' म्हणतात. अशा ऑर्डरचे नावच 'कॉल-ऑफ ऑर्डर' आहे. मग ओळखायचे कसे? पुढे काय आले आहे ते पाहावे. 'कॉल ऑफ'च्या पुढे डील, मीटिंग, स्ट्राइक असे शब्द असतील तर अर्थ रद्द करणे. पुढे मीटर, गाठी, नग असा आकडा आणि डिलिव्हरीची तारीख असेल, तर बहुधा मालाची मागणी. बहुधा म्हणतो, कारण काही लोक कसेही लिहितात.

ही गोष्ट केवळ इंग्रजीत आहे असे समजू नये. आपल्या बाजाराची भाषा ऐका. 'मुलगा धंद्यात बसला' म्हणजे आनंदाची बातमी, आणि 'मुलाचा धंदा बसला' म्हणजे दुःखाची. कामगाराने 'उचल घेतली' म्हणजे आगाऊ पैसे घेतले, आणि मागणीने 'उचल खाल्ली' म्हणजे तेजी आली. परक्या माणसाने हे शब्द सुटे सुटे कोशात पाहिले तर त्याला काय कळणार? आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. उर्दू व्याकरणात क्रियापदाला 'फेल' म्हणतात, आणि इंग्रजीच्या पेपरात या 'फेल'नेच कित्येकांना फेल केले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे की, परक्यांना सर्वांत जास्त अडचण या जोडक्रियापदांचीच होते.

आता रोज भेटणारी काही घेऊ. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, हे सर्वांना माहीत आहे. पण पार्टी लिहिते, 'वुई शॅल सेट ऑफ अवर क्लेम अगेन्स्ट युअर नेक्स्ट बिल', तेव्हा कोणी कोठे निघालेले नसते. तुमच्या पुढच्या बिलातून नुकसानीची रक्कम वळती करणार, असा त्याचा अर्थ. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही हा शब्द याच अर्थाने आहे. असे वाक्य दिसताच क्लेम मान्य आहे की नाही ते लेखी कळवावे. गप्प बसलात तर पार्टी ती संमती समजते.

'होल्ड अप'चे दोन चेहरे आहेत. 'द गुड्स आर हेल्ड अप ॲट द पोर्ट' म्हणजे माल बंदरात अडकला. 'प्राइसेस आर होल्डिंग अप' म्हणजे भाव टिकून आहेत. एक वाईट खबर, दुसरी चांगली. 'मेक अप द शॉर्टेज' म्हणजे तूट भरून काढणे. चेहऱ्याच्या मेकअपशी त्याचा संबंध नाही. कापडापासून शिवून तयार केलेल्या चादरी, पडदे वगैरेंना 'मेड-अप्स' म्हणतात तेही यातूनच. 'फॉल थ्रू' सौदा फिस्कटणे, 'बॅक आउट' शब्द देऊन माघार घेणे, 'टर्न डाउन' नाकारणे, 'पुट ऑफ' पुढे ढकलणे, 'मार्क डाउन' भाव उतरवणे.

'राइट ऑफ'वर मात्र थोडे थांबले पाहिजे. बँकांनी कर्जे 'राइट ऑफ' केली असे वर्तमानपत्रात येते आणि लोक समजतात कर्ज माफ झाले. तसे नाही. बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते. कर्जदाराच्या डोक्यावरचे कर्ज तसेच राहते आणि वसुलीही चालू राहते. माफीला इंग्रजीत वेव्हर हा वेगळा शब्द आहे. माझ्या ओळखीचे एक कारखानदार याच समजुतीने दोन वर्षे निश्चिंत बसले आणि मग दारावर नोटीस लागली. उधारी बुडीत म्हणून आपण स्वतःच्या वहीत 'राइट ऑफ' करतो, तेव्हाही त्या पार्टीकडून पैसे मागण्याचा आपला हक्क लगेच संपत नाही, हे ध्यानात ठेवावे.

लिहिताना एक नियम उपयोगी पडतो. 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ', 'राइट ऑफ' यांच्याबरोबर 'इट' किंवा 'देम' आला तर तो मधे बसतो : 'पुट इट ऑफ', 'राइट देम ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक आहे. उलट 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, यांत तो शेवटीच येतो : 'वुई आर लुकिंग इन्टू इट.'

माझे मत विचाराल तर दुसऱ्याची जोडक्रियापदे समजून घ्यावीत, पण आपल्या व्यापारी पत्रात ती शक्यतो वापरू नयेत. 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'कॉल ऑफ'ऐवजी 'कॅन्सल' किंवा 'डिलिव्हर' असा एकच स्पष्ट शब्द लिहावा. बोलताना कशीही वापरा, फोनवर शंका तिथल्या तिथे विचारता येते. मोबाईलवरचे भाषांतर मात्र शेवटचा शब्द मानू नका. त्याला तुमचा सौदा माहीत नसतो. घरात एक चांगला कोश असावा. ऑक्सफर्ड, लाँगमन आणि कॉलिन्स या तिन्ही प्रकाशनांनी केवळ फ्रेजल व्हर्बचे वेगळे कोश काढले आहेत. मुलांच्या शाळेलाही ते कामास येतील.

आणि पत्रातले जोडक्रियापद दोन्ही बाजूंनी लागू पडते असे दिसले, तर माल हलवण्यापूर्वी उलट एक ओळ पाठवावी. मी २००४ पासून हीच पाठवतो : 'प्लीज कन्फर्म : शॅल वुई डिलिव्हर धिस क्वांटिटी, ऑर कॅन्सल इट?'