शेवटचा अर्धा फेरा

रविवारी सकाळी मी आणि बायको धनकवडीहून नारायणपूरच्या दत्ताला निघालो होतो. बोपदेव घाटाची चढण लागली आणि गाडीने ओढणं सोडलं. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं, वेग मात्र वाढायचा नाही. पुढच्या वळणावर मागचं चाक साबणावरून सरकावं तसं बाहेर गेलं आणि आम्ही दोघे रस्त्यावर पडलो. मला खरचटलं. हिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत तिला स्वतःची वेणीही घालता आली नाही. हे सगळं मी आदल्या संध्याकाळी घरी केलेल्या एका कामामुळे झालं. ते काम म्हणजे मोटारसायकलचं इंजिन ऑइल बदलणं.

आमच्या घरी आधी चेतक होती. आकुर्डीच्या कारखान्यात 1972 पासून बनू लागलेल्या या स्कूटरने पुण्याच्या कितीतरी संसारांची ओझी वाहिली. ती टू-स्ट्रोक. पेट्रोल भरताना त्यातच टूटी ऑइल टाकायचं, ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. वडिलांना मी हेच करताना पाहिलं होतं. त्यामुळे ‘तेल म्हणजे तेल’ ही समजूत माझ्या डोक्यात पक्की बसली होती. फोर-स्ट्रोक मोटारसायकलचं तसं नसतं. तिथे तेच तेल महिनोन्‌महिने इंजिनात फिरत राहतं. पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांना तेच सांभाळतं.

माझी पहिली चूक इथेच झाली. मावसभावाच्या कारचं ऑइल बदलल्यावर डब्यात लिटरभर उरलं होतं. ते चांगल्या प्रतीचं आणि महागडं होतं, म्हणून मी ते मोटारसायकलमध्ये ओतलं. कारचा क्लच कोरडा असतो, इंजिनातल्या तेलाशी त्याचा संबंध येत नाही. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लच प्लेटा मात्र इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती क्लच प्लेटांवर बसली की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. सपाट रस्त्यावर हे जाणवलं नाही, घाटात जाणवलं.

यासाठीच डब्यावरची अक्षरं वाचायची असतात. 10W-30 किंवा 20W-50 हे आकडे तेलाच्या दाटपणाचे. त्यांच्याबरोबर ‘जासो’ या जपानी मानकाची खूण असते. MA, MA1 किंवा MA2 असेल तर ते तेल ओल्या क्लचच्या मोटारसायकलीसाठी. MB असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी. म्हणजे घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असल्या तर दोघींचे डबे वेगळे. आकडे आणि अक्षरं गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असतात. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

दुसरी चूक याहून मोठी होती. जुनं तेल काढून झाल्यावर मी ड्रेन बोल्ट परत बसवला. गळू नये म्हणून लांब दांड्याच्या पान्ह्याने जोर लावला. बोल्ट घट्ट झाला होता, तरी मी आणखी अर्धा फेरा दिला. तेव्हा हाताला बोल्ट एकदम हलका लागला. तो पुरता बसला, असं मला वाटलं. खरं तर आटे गेले होते. रात्रभर थेंबही पडला नाही. घाटात इंजिन तापलं, तेल पातळ झालं, झिरपू लागलं आणि वाऱ्याने मागच्या टायरवर उडालं.

सासवडच्या फिटरकाकांनी बोल्ट दोन बोटांनी फिरवून दाखवला. म्हणाले, “साहेब, बोल्ट लोखंडाचा आहे, इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा. जोर केला की आटे इंजिनाचेच जाणार.” नवे आटे पाडून घ्यावे लागले, क्लच प्लेटाही बदलाव्या लागल्या.

घरी ऑइल बदलणं अवघड नाही. मी आजही बदलतो. फक्त क्रम सोडत नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करायचं, चटका बसेल इतकं तापवायचं नाही. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची. पुस्तिकेतलं चित्र पाहून ड्रेन बोल्ट नक्की करायचा. खाली वाकून उलट बाजूने बघताना सैल करण्याची दिशा हमखास चुकते, म्हणून पान्हा लावण्याआधी बोल्टकडे समोरून तोंड करून दिशा ठरवायची. पकडीने किंवा ॲडजस्टेबल पान्ह्याने बोल्टची डोकी झिजतात. योग्य मापाचा रिंग पान्हा किंवा सॉकेटच वापरायचा. जुनं तेल पूर्ण निथळलं की बोल्ट परत लावताना वॉशर दरवेळी नवा टाकायचा. गळती थांबवण्याचं काम वॉशरचं आहे, आपल्या दंडाचं नाही. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्यायचे. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका बसलाय, काढून पुन्हा लावायचा. मग जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेत दिलं आहे तेवढंच आवळायचं. लहान मोटारसायकलींना हा आकडा साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर असतो. टॉर्क पान्हा नसेल तर शेवटचं आवळणं ओळखीच्या फिटरकडून करून घ्या.

तेल मापून ओता. जास्त झालं तर ते एअर फिल्टरपर्यंत चढतं. मग इंजिन थोडं चालवून, दोन-तीन मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, हेही पुस्तिकेत असतं. शेवटी गाडीखाली पांढरा कागद ठेवा. एकटेच दोन किलोमीटर चक्कर मारून या आणि कागद, बोल्ट, मागचा टायर तिन्ही तपासा.

तिसरी चूक सांगताना अजून लाज वाटते. जळकं ऑइल मी गटारात ओतलं होतं. आमच्या भागातलं पाणी आंबील ओढ्याला मिळतं, ओढा मुठेला, आणि मुळा-मुठा भीमेतून थेट उजनीत. तिथलं पाणी सोलापूर पितं. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि त्यावर प्रक्रिया करून पुन्हा तेल बनवता येतं. ते रिकाम्या डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. खांबांना फासू नका, जाळू नका, उघड्या हाताला लागू देऊ नका.

हिचं मनगट थंडीत अजून दुखतं. ऑइल स्वतः बदलत असाल तर आपलं माणूस मागे बसवण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा.