सासूबाईंना मूळव्याधच आहे, असं धरून चालू नकोस

आवाज खाली आणून सांगितलंस, तरी मला सगळं कळलं बघ. सासूबाईंची शौचाची जागा संडासला बसल्यावर बाहेर येते, हाताने आत सारावी लागते, लुगड्याला डाग पडतात, म्हणून त्यांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलंय. आणि इतकी वर्षं मूळव्याध समजून मलम चालू आहे. खरं सांगू का, मला हा गुदभ्रंश वाटतोय.

मूळव्याधीत आतल्या शिरा सुजून त्यांचे कोंब होतात. गुदभ्रंशात झंपराची बाही उलटी होऊन यावी तसा गुदाशयच, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, बाहेर उतरतो. त्यावर एकात एक गोल वळ्या दिसतात. कोंबांच्या मधे उभ्या खाचा असतात. पन्नाशीपुढच्या बायकांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. जुनं बद्धकोष्ठ, रोजचं कुंथणं, बाळंतपणं, ओटीपोटाखालचे सैल पडलेले स्नायू, अशी कारणं असतात. पण एकही मूल न झालेल्या बायकांनाही हे होतं गं. तेव्हा घरात कोणी त्यांच्या बाळंतपणांवरून किंवा वयावरून बोललं, तर तिथल्या तिथे गप्प कर. आजार काही नवा नाही. सुश्रुतसंहितेतही तो आहे. तेल लावून जागा आत सारायची आणि मधे भोक असलेल्या चामड्याचा गोफणबंध बांधायचा, असं तिथे सांगितलंय.

आता तसा बंध बांधायची वेळ नाही, आणि 'एका इंजेक्शनात मूळव्याध गायब' अशा पाटीखालच्या खोलीत तर त्यांना अजिबात न्यायचं नाही. मोठ्या माणसातला पुरता गुदभ्रंश मलमाने किंवा काढ्याने बरा होत नाही. दुखत नाही म्हणून थांबलं, की दर खेपेला तिथला स्नायू ताणला जातो आणि मग शौचावरचा ताबा सुटायला लागतो. मला राग येतो तो या लपवण्याच्या सवयीचा. त्यात बायकांची वर्षं जातात.

घाटीत, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात जा. सकाळी केसपेपर काढ, शल्यचिकित्सेची ओपीडी विचार. पलंगावर झोपवून तपासलं तर कधी कधी काहीच दिसत नाही. डॉक्टर उकिडवं बसून कुंथायला सांगतील, त्यात लाजायचं नाही हे त्यांना आधीच सांगून ठेव. त्या हो म्हणाल्या तर घरीच मोबाइलवर एक फोटो काढ, डॉक्टरांना दाखव आणि लगेच पुसून टाक. आत गाठ नाही ना, हे बघायला दुर्बिणीची तपासणी सांगतील. गर्भाशय किंवा लघवीची पिशवीही खाली उतरली असेल तर तेही तेव्हाच सांग, लपवू नको.

ऑपरेशनच्या दोन वाटा आहेत. एक पोटातून: सैल गुदाशय वर ओढून कण्याच्या खालच्या हाडाला टाके घालून किंवा जाळी लावून बांधतात. हे आता बरेचदा दुर्बिणीने होतं. बेल्जियममधल्या डी'होर यांनी २००४ साली मांडलेल्या पद्धतीत जाळी फक्त पुढच्या बाजूने लावतात, म्हणजे मागच्या नसांना धक्का लागत नाही आणि नंतर बद्धकोष्ठाचा त्रास कमी होतो. दुसरी वाट खालूनच, पोटाला हात न लावता. डेलॉर्म या फ्रेंच सर्जनची १९०० सालची पद्धत अजून वापरात आहे: आतलं अस्तर सोलायचं आणि स्नायूला चुण्या घालून आवळायचं. आल्टेमायर पद्धतीत उतरलेला तुकडाच कापून जोडतात. खालून केलेलं शरीराला हलकं पडतं, मणक्यात इंजेक्शन देऊनही होतं, म्हणून हृदय-फुप्फुस कमजोर असलेल्यांना तेच सुचवतात. मात्र त्रास पुन्हा उद्भवायची शक्यता त्यात साधारण जास्त धरतात. म्हणून विचार, 'यांच्यासाठी कोणतं, आणि का?' जाळी घालणार असतील तर तिचे धोकेही विचार. तू विचारू शकतेस, घाबरू नको.

एक मात्र आधी समजून घे. जागा आत बसली म्हणजे ताबा दुसऱ्या दिवशी परत येत नाही. तो हळूहळू, काही महिन्यांत सुधारतो, कुणाचा पूर्ण, कुणाचा थोडा. सासूबाई हिरमुसतील तेव्हा तू धीर धर.

पैशाची काळजी आहे ना? रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, आरोग्यमित्राला भेट. हे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते तो सांगेल.

घरी आल्यावर खरी परीक्षा पाण्याची बघ. आपल्याकडे नळ किती दिवसांनी येतो तुला माहीतच आहे, आणि आला की सासूबाई पहिल्या हंड्याला हात घालणार. सहा आठवडे तरी हंडा नाही, बादली नाही, गव्हाचं पोतं नाही. ते काम नवऱ्याने करायचं, मी सांगितलंय म्हणून सांग. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, पालेभाजी, पेरू, भरपूर पाणी. इसबगोल डॉक्टरांना विचारून. कुंथायचं नाही.

ऑपरेशन होईपर्यंत जागा बाहेर आली तर त्यांना कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपव. ओल्या स्वच्छ फडक्याने, हलक्या हाताने, सावकाश आत दाब. जात नसेल, जांभळी-काळी पडली असेल, फार दुखत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर रात्र असो की दिवस, रिक्षा कर आणि थेट अपघात विभागात ने.

आणि हो, त्यांच्या सगळ्या चालू गोळ्या पिशवीत घेऊन जा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखव. आपल्या मनाने बंद करू नकोस गं.