‘नॉर्मल’ रिपोर्टमधली मधली ओळ

‘‘बाई, हे आधी सांगायचं ना! बाहेर बसा, शेवटी घेऊ.’’ चिठ्ठीवरचं ‘एचआयव्ही’ वाचल्यावर सोनोग्राफीच्या डॉक्टरांचा चेहराच बदलला. मानेला जेल लावून वरून प्रोब फिरवायचा, एवढीच ही तपासणी. सुई नाही, रक्त नाही. तरी सगळे पेशंट संपेपर्यंत मला बसवलं, काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं दुखणं विचारलं, आणि बिलात ‘किट’चे पैसे वेगळे लावले. हातमोज्यांवर हातमोजे चढवून डॉक्टरांनी उजवी बाजू कशीबशी पाहिली, डावी तर उरकलीच.

रिपोर्टच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘नॉर्मल’. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र तो वरपासून वाचला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं: उजवीकडे, मानेतली धमनी दुभागते तिथे, ‘लहान प्लाक’, म्हणजे भिंतीवर साचलेला चरबीचा थर. जाडी दिलेली नाही. रक्त अडत नाही, म्हणून निष्कर्षात नॉर्मल! ज्यासाठी मला पाठवलं होतं तेच शोधून झाकून ठेवलं. अंगावर काटा आला, आणि मग संताप. व्हायरल लोड दबलेला असला तरी शरीरातली सूज पुरती मावळत नाही. एचआयव्ही असलेल्या आपल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. अशा माणसाला घाईघाईत नॉर्मल म्हणायचं?

दुसऱ्या सेंटरमध्ये नीट तपासणी झाली. म्हणून तपासणीला जाण्याआधीच विचारा: नुसता रक्तप्रवाह पाहणार की धमनीची भिंतही? प्लाक आहे का, कुठे, किती मिलिमीटर, हे दोन्ही बाजूंचं लिहून मागा. भिंतीची जाडी १.५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर तो प्लाक धरतात. दोन रिपोर्टांत नुसत्या जाडीत थोडा फरक दिसला तर घाबरू नका. प्रोब धरणारा हात बदलला की तेवढा फरक पडतो.

काउंटरवर कोणी आजार विचारला तर सांगायची सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि उपचारात भेदभाव करायला त्यात मनाई आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मी दिली आहे.

खरं तर ही सोनोग्राफी प्रत्येकाला लागतही नाही. चाळिशी ओलांडली असेल तर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल, आधी विचारा. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ अभ्यासात ४० ते ७५ वयाचे, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणारे ७,७६९ जण होते, भारतातलेही. रोज पिटावास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हे मला एआरटी सेंटरवर कोणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

तंबाखू, मिश्री सोडा, बीपी तपासा, चाला. एआरटी मध्येच थांबवू नका. आणि हृदयाच्या डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नका, गोळ्यांची नावं लिहून न्या: एआरटीतलं रिटोनाविर सुरू असताना सिमवास्टॅटिन चालत नाही, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते.