ताकद समोरचीला लिहू दे

छोटी, तू दिलेली वही मी सगळी वाचली, फोनवरून उतरवून मध्येमध्ये चिकटवलेल्या पानांसकट. तुम्ही चौघींनी मिळून, एकाच वहीत बारीबारीने सुपरहिरोंची गोष्ट लिहायचं हे जे चालवलंय, ते मला मनापासून आवडलंय. सुपरहिरो म्हटलं की सगळ्यांना न्यूयॉर्कसारखं शहर लागतं; तुम्ही मात्र आपल्या जबलपूरमधल्या गोरखपूरच्या बाजारातून निघून मदनमहालच्या टेकडीवर चढलात. 22 मे 1997 ला पहाटे जबलपूर हादरलं, घरं पडली, पण बॅलन्सिंग रॉक जागचा हलला नाही. त्याच पहाटे जन्मलेल्या मुलीच्या हातात तोल सांभाळण्याची शक्ती आली, ही तुझी कल्पना कुठून उचललेली नाही. ती इथल्या दगडातून आलीय.

म्हणूनच पुढचं स्पष्ट सांगते. सुरुवातीच्या पानांत तुझी नायिका एक डळमळती गच्ची धरून ठेवते आणि घामाने निथळते. तिथे मी श्वास रोखून वाचत होते. मग ती नर्मदेवरचा पूल धरते, मग अख्खं शहर, आणि शेवटी भेडाघाटला धुवांधारचं पाणी उलटं वर चढवते. त्या पानावर मला तिची काळजी वाटायची थांबली. जिला काहीच होणार नाही, तिच्यासाठी जीव कसा खालीवर होणार?

याहून मला लागलं ते दुसरंच. तुझ्या मैत्रिणीने राणी दुर्गावतीच्या सरमन हत्तीचं बळ अंगात असलेला मुलगा लिहिलाय. राणीची 1564 च्या लढाईतली हार त्याला अजून सलते, गर्दीत तो जपून चालतो, कुणाला धक्का लागू नये म्हणून. किती मन लावून घडवलंय तिने त्याला! आणि तू तुझ्या बारीला एका वाक्यात त्याला उचलून बाजूला ठेवलंस. तिची पुढची बारी नीट बघ. आधी दोन-दोन पानं लिहिणारी मुलगी तिथे तीन ओळींत उरकून मोकळी झालीय. मिळून लिहिणारे याला गॉडमोडिंग म्हणतात: दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच ठरवून टाकायचं. नाव काहीही दे, त्याने लिहिणारीचा हात थांबतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकटीने कादंबरी लिहिताना तुझ्या पात्राची ताकद तू ठरवतेस. चौघींत लिहिताना ती बाकीच्या तिघींच्या परिच्छेदांत असते. तू लिहायचं की तिने हात पुढे केला. तो हात किती जड होता, हे समोरचीला लिहू दे.

रामायणातला हनुमान आठव. ऋषींच्या शापामुळे तो स्वतःचं बळ विसरलेला असतो. समुद्रापाशी सगळे वानर हताश बसलेत, हा एका बाजूला गप्प आहे. जांबवान उठतो आणि त्याला तू कोण आहेस ते सांगतो, आणि मग तो वाढायला लागतो. त्याच्या सगळ्यात मोठ्या उडीआधी त्याची ताकद दुसऱ्याच्या तोंडून येते. महाभारतात पुढे हाच हनुमान वनात म्हातारं वानर होऊन वाट अडवून पडतो आणि भीमाला म्हणतो, माझी शेपटी बाजूला कर नि जा. भीमाला ती हलत नाही. गदा घेऊन फिरणारा, बळाचा गर्व असलेला भीम तिथे हात जोडतो, आणि मग कळतं की हा आपला थोरला भाऊ. त्या प्रसंगात भीमाचं बळ तसूभर वाढलेलं नाही. तरी तिथून निघणारा भीम आधीचा राहत नाही. हरला म्हणून त्याला भाऊ मिळाला, आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करण्याचं वचनही मिळालं. तुझ्या नायिकेला अशी एक शेपटी हवीय गं.

समोरच्याला मोठं करण्याचं हेच काम कोकणातले दशावतारी नट रात्रभर करतात. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि संवाद तिथेच, एकमेकांच्या तोंडाकडे बघून सुचतात. राक्षस झालेला नट पहिल्यापासून लेचापेचा राहिला तर देव झालेल्या नटाला काही करायला उरत नाही. आणि देवाने राक्षसाला बोलूच दिलं नाही तर मंडपातले लोक पहाटेपर्यंत कशाला बसतील? तिथे एकाला दुसरा मोठा करतो.

आता तुझ्या आवडीच्या सुपरमॅनबद्दल. 1938 मध्ये तो पहिल्यांदा छापून आला तेव्हा तो उडत नव्हता, उडी मारत होता, मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण दोनशे मीटर. तोफेचा फुटता गोळा त्याची कातडी भेदू शकत होता. मग लिहिणारे हात बदलत गेले, प्रत्येकाने थोडं थोडं वाढवलं, आणि तो उडायला लागला, ग्रह हलवायला लागला. इतका अजिंक्य झाल्यावर त्याला हरवायचं कशाने? 1943 मध्ये रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट आलं आणि पुढे जो तो त्याचाच आधार घ्यायला लागला. 1971 मध्ये डेनी ओ'नील यांनी लिहिताना पृथ्वीवरचं सगळं क्रिप्टोनाइट निकामी केलं आणि त्याच वेळी सुपरमॅनची ताकदही बरीच उतरवली. मला तो निर्णय फार धाडसी वाटतो. पण नंतर आलेल्यांनी ती ताकद परत चढवली. अनेक हातांनी लिहिलेल्या गोष्टीत ताकद आपोआप वर जाते; खाली आणायला कुणीतरी ठरवून बसावं लागतं. तुमच्या वहीतही कुणीतरी बसलं पाहिजे, आणि ते तू असावीस असं मला वाटतं.

तुम्ही करताय तसंच करत करत मोठं झालेलं एक उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क गावी काही लेखक मित्र जमून सुपरवर्ल्ड नावाचा खेळ खेळायचे, प्रत्येकाचं एक पात्र, आणि खेळ चालवायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्या खेळात त्यांचा इतका वेळ जायला लागला की शेवटी त्यातूनच पुस्तकं काढली, 'वाइल्ड कार्ड्‌स' नावाची; पहिला खंड 1987 चा. अनेक लेखक, एकच जग. त्या जगात 1946 मध्ये न्यूयॉर्कवर एक विषाणू पडतो. लागण झालेल्या शंभरांतले नव्वद मरतात, नऊ विद्रूप होतात, आणि एखाद्याच्याच वाट्याला धड शक्ती येते. म्हणजे कुणीही शक्तिमान समोर आला की त्याच्यामागे न वाचलेल्यांची रांग वाचकाला दिसते.

त्यातली दोन पात्रं तुझ्यासाठी सांगते. एक टर्टल. नुसत्या मनाने तो प्रचंड वजनं उचलू शकतो, पण पोलादी कवचात बंद होऊन बसला तरच. बाहेर, उघड्यावर, भीतीने त्याची शक्ती लुळी पडते. त्याला आणखी जड वस्तू उचलायला लावण्यात काय मजा? तो कवचाबाहेर एक पाऊल टाकतो की नाही, यातच त्याची सगळी गोष्ट आहे. दुसरा स्लीपर, रॉजर झेलाझ्नी यांचा. तो झोपून उठला की दर वेळी वेगळं शरीर आणि वेगळी शक्ती, कधी सुंदर तर कधी भयंकर. त्यामुळे तो झोपेलाच घाबरतो, जागं राहायला गोळ्या घेतो आणि त्यात बिघडत जातो. शक्ती जिथून येते तिथूनच त्याचं दुःखही येतं. तुझ्या मुलीला तोल सांभाळता येतो ना? मग तिने एक भिंत सावरली की दुसरीकडे काय ढळतं? तिचं स्वतःचं घर? कुणाचं तरी मन? हे तू अजून ठरवलेलंच नाहीस, आणि माझ्या मते तुझी खरी गोष्ट तिथे अडून बसलीय.

शक्तीची किंमत कशी असते ते कर्णाकडे बघ. इंद्राला कवचकुंडलं कापून दिली तेव्हा त्याला ती अमोघ शक्ती मिळाली, आणि तीही एकदाच वापरायची. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती त्याला रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर टाकावी लागली. घेताना गेलं, वापरताना गेलं. वहीत मागच्या बाजूला एक पान राखून ठेव: नवीन काही मिळालं की काय गेलं, ते तिथे लिहायचं. चौघींच्या पात्रांसाठी एकच पान असू दे, म्हणजे कुणाच्या वाट्याला नुसतंच मिळतंय ते आपोआप दिसेल.

आणि ताकद वाढली म्हणजेच पात्र वाढलं, हे मनातून काढ बाई. आपल्या घरात राज कॉमिक्सचा तो गठ्ठा अजून आहे. 1986 चा पहिला नागराज काढ. गंमत बघ, हा हिंदीतला नायक, पण पुढे कितीतरी वर्षं त्याला आकार दिला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या हाताने. त्या पहिल्या अंकात प्रोफेसर नागमणीने त्याला दहशतवाद्यांना भाड्याने देण्याचं हत्यार म्हणून बनवलेलं असतं. विषारी फुंकर आणि अंगातून निघणारे साप हे सगळं तेव्हाच त्याच्याजवळ आहे. बाबा गोरखनाथ त्याला नागमणीच्या ताब्यातून सोडवतात आणि तो त्याच शक्तीने दहशतवादाविरुद्ध उभा राहतो. बळ तेवढंच, माणूस दुसरा. सुपर कमांडो ध्रुव तर त्याहून मला प्रिय. 1987 मध्ये अनुपम सिन्हांनी त्याला आणलं, तेव्हा सर्कशीत वाढलेलं एक पोर होतं ते, उडणं नाही की डोळ्यांतून आग नाही. जे काय येतं ते सर्कशीतल्या माणसांकडून आणि जनावरांकडून शिकलेलं. सर्कस जळाली, माणसं गेली, आणि त्यांनी शिकवलेलं याच्या अंगात राहिलं. तो झेप घेतो तेव्हा मला त्याचे आईवडील आठवतात. तुझ्या नायिकेला पुढची कला आभाळातून पडू देऊ नकोस. सरमनच्या बळाच्या त्या मुलाकडून शिकू दे तिला गर्दीत जपून चालणं. त्याच्या लेखिकेला काय वाटेल, विचार कर.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, खेळच तर आहे. मी तसं म्हणणार नाही. परीक्षा, क्लास, घरातली कामं यांतून वेळ काढून चार मुली एकमेकींसाठी लिहितायत, आणि दुसरीने काय लिहिलं असेल म्हणून उत्सुकतेने वाट बघतायत, याची किंमत मला कळते. यात भांडणं होतील. कुणी रुसेल. नियम फार करत बसू नका. एक मात्र पक्का ठेवा, की दुसरीच्या पात्राला मारायचं, हरवायचं किंवा बदलायचं असेल तर आधी तिला विचारायचं. फोन करून विचार, मेसेजवर सूर कळत नाही.

आणि धुवांधारचं ते पान फाडू नकोस, मला ते वाचायला आवडलंय. त्याच्या पुढचं लिही. पाणी उलटं चढवल्यावर तिचा स्वतःचा तोल गेलाय, तिला उभं राहता येत नाही, आणि समोर तो सरमनवाला मुलगा आहे ज्याला तिने सगळ्यांसमोर बाजूला केलं होतं. ती त्याला हाक मारते. बस्स, तिथे पेन ठेव आणि वही मैत्रिणीकडे दे. तो येतो की नाही ते तिला ठरवू दे, आणि नाही आला तरी तू तक्रार करायची नाहीस.