श्रमदान : देणारे कोण, घेणारे कोण?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी नावे घेतली जाऊ लागली की वर्गात दोन तट पडतात. काहींना सात दिवसांची मौज दिसते. काही विचारतात, सात दिवसांत गावाचे काय भले होणार? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करीत असताना एका जुन्या आंतरराष्ट्रीय चळवळीची हकीकत वाचनात आली. तिचा परिचय करून द्यावा आणि त्यातून सुचलेले चार विचार विद्यार्थीमित्रांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. फ्रान्समधील व्हर्दूनच्या परिसरात १९१६ मध्ये महिनोन् महिने लढाई होऊन गावेच्या गावे मातीस मिळाली होती. त्यांपैकी एस्न या गावी नोव्हेंबर १९२० मध्ये काही मोजकी माणसे टिकाव-फावडी घेऊन दाखल झाली. त्यांचा अग्रणी होता पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता. त्याचे वडील एके काळी स्वित्झर्लंडचे अध्यक्ष होते. मुलगा मात्र सैनिकी कर भरण्यास नकार देऊन तुरुंगात गेला. या तुकडीत जर्मन स्वयंसेवकही होते. ज्या देशाच्या तोफांनी घरे पाडली, त्याच देशाची माणसे ती उभारायला आली होती! परंतु युद्धाच्या जखमा ओल्या होत्या. जर्मनांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि १९२१ च्या वसंतात काम थांबवावे लागले. देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी घेणाऱ्याचे मन त्यात नसेल तर सेवा तडीस जात नाही, हा धडा या चळवळीला आरंभीच मिळाला.

तरीही सेरेसोल खचला नाही. १९२७ च्या सप्टेंबरात ऱ्हाईन नदीला पूर येऊन लिक्टेनस्टाइन या चिमुकल्या देशातील शेते वाळू-दगडांखाली गाडली गेली. पुढच्या वर्षी अनेक देशांतील सातशेहून अधिक स्वयंसेवकांनी तेथे येऊन शेते मोकळी केली. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. मजुरी नाही, साधे जेवण, साधी निवास-व्यवस्था. या संघटनेचे ब्रीदच होते, ‘शब्द नकोत, कृती हवी.’ एक गोष्ट मात्र खटकते. या शिबिरांत स्त्रियांकडे प्रामुख्याने स्वयंपाक, धुणे आणि कपडे शिवणे हीच कामे असत. आज शंभर वर्षे होत आली. आपल्या शिबिरातही मुली चुलीपाशी आणि मुले खोऱ्यापाशी, हे चित्र फारसे बदललेले नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांनी मदतकार्याची धुरा उचलली. सेरेसोल त्याच वर्षी भारतात आला आणि पुढे काही साथीदारांसह मुझफ्फरपूरच्या बाजूला त्याने काम केले. भूकंपानंतर पुराचा धोका वाढलेल्या वस्त्या उंच जागी नव्याने वसवायच्या होत्या. परदेशी माणसे अगदी थोडी होती, घरे बांधणारे हात मुख्यतः गावकऱ्यांचेच होते. मग बोटीच्या भाड्याचे पैसेच मदतनिधीला का दिले नाहीत, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्या देशात गोरा माणूस साहेब म्हणूनच येत असे, तेथे तो गावकऱ्यांबरोबर माती उचलताना दिसावा, याचे मोल पैशात होणार नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही या चळवळीशी संबंध आला. बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. कुष्ठरोगाच्या भीतीने लोक त्या वाटेला फिरकत नसत. अशा वेळी याच संघटनेचे निरनिराळ्या देशांतील तरुण तेथे येऊन राहिले आणि रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले. परक्या मुलखातली ही मुले भीत नाहीत हे पाहून आसपासच्या लोकांची भीड चेपू लागली. येथे रुग्ण नुसते घेणारे नव्हते, तेही काम करणारेच होते. पुढे १९६७ साली सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला.

आता थोडे स्वतःविषयी. माझे आईवडील मजुरीला जातात. त्यामुळे गेल्या वर्षी शिबिरात खोरे हाती घेतले तेव्हा मला ते नवीन वाटले नाही. नवीन वाटल्या त्या टाळ्या. आमच्या घरी खणण्याबद्दल कोणी टाळ्या वाजवीत नाही. त्या गावात आम्ही सहा दिवस चर खणला. गावकरी पारावर बसून पाहत होते. सहाव्या दिवशी एक म्हातारी आजी म्हणाली, “पोरांनो, पावसाचं पाणी हिकडून न्हाई, तिकडून येतंया.” आजीला, किंवा गावातल्या कोणालाही, आम्ही आधी विचारलेच नव्हते. सातव्या दिवशी समारोप झाला, छायाचित्रे निघाली आणि आम्ही परतलो. चर अद्यापि तसाच असेल, कोरडा.

म्हणून मला वाटते, शिबिरापूर्वी दोन महिने आपल्यापैकी पाच-सात जणांनी गावात जाऊन काम कोणते हवे ते गावालाच ठरवू द्यावे. मजुरी बुडवून येणे गावकऱ्यांना जमत नाही, हे ध्यानात धरून त्यांच्या सवडीची वेळ निवडावी. चूल आणि खोरे यांची पाळी मुलामुलींनी सारखी वाटून घ्यावी. आणि पहिला पाऊस पडल्यावर, कोणी बोलावले नाही तरी, केलेले काम पाहायला पुन्हा जावे.

यंदाचे शिबीर कोठे होईल हे अजून ठरलेले नाही. ते दुसरीकडे झाले, तरी पावसाळ्यात मी त्या आजीच्या गावी जाणार आहे. चर कोणत्या अंगाने खणायचा, ते या वेळी तिला आधी विचारीन. कोणी बरोबर येणार असेल तर त्याने आपले खोरे घेऊन यावे.