दर्या आणि दऱ्या

मालवणच्या बंदरावर उभे राहून पश्चिमेस पाहिले, तर सिंधुदुर्गाच्या तटापलीकडे अफाट दर्या पसरलेला दिसतो. तेथून पूर्वेकडे घाटाची वाट धरली, तर आंबोलीजवळ सह्याद्रीच्या खोल दऱ्या लागतात. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या हे 'दरी'चे अनेकवचन.

मुलांनो, हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना 'द' या अक्षरावर आघात येतो. म्हणून तेथे 'र' रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या' म्हणताना तसा आघात येत नाही. हा 'र' हलका असतो व 'या'च्या डाव्या अंगास लहानशी वक्र रेघ होऊन राहतो. सूर्य, कार्य यांत रफार. पण वारा, किनारा यांची रूपे वाऱ्याने, किनाऱ्यावर अशी होतात. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत केवढा फरक आहे, हे लग्नघरी कोणासही विचारावे! नेपाळीत ही रेघ आहे. हिंदीस मात्र तिची गरज पडत नाही.

आता संगणकाकडे वळू. संगणकास अक्षराचा आकार कळत नाही, अंक कळतो. म्हणून जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एकेक अंक नेमून देण्यात आला. या योजनेस युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली. देवनागरीच्या वाट्यास 2304 ते 2431 ही घरे आली. त्यांत 'य'चा अंक 2351, 'र'चा 2352 व अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा 2381. रफारास निराळा अंक नाही. 2352, 2381, 2351 हे अंक ओळीने आले की संगणक आपण होऊन 'र्य' काढतो.

मग दऱ्यांनी काय करावे? तेच तीन अंक दिले, तर दरीचा समुद्र होतो!

यावर एक तोड अशी होती, की पाय मोडण्याच्या चिन्हापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावे. त्याचा अंक 8205. 1996 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच रीत होती. परंतु जे डोळ्यांस दिसत नाही ते हरवले तरी कळत नाही. मजकूर इकडून तिकडे नेताना काही आज्ञावली हे चिन्ह गाळून टाकत, आणि शब्दाचा अर्थच पालटे.

याच किनाऱ्याने दक्षिणेस गेले असता केरळ लागते. तेथील मल्याळम लिपीतही हेच संकट होते. त्या लिपीत स्वररहित न, ण, ल अशा काही व्यंजनांना 'चिल्लु' नावाचे स्वतंत्र आकार आहेत. तेही पूर्वी अदृश्य चिन्हाच्या आधाराने लिहावे लागत. पुष्कळ वादानंतर 2008 साली अशा 6 चिल्लूंना स्वतःचे अंक मिळाले. त्याच आवृत्तीत आपल्या 'ॲ'लाही 2418 हा अंक मिळाला.

मराठीच्या रेघेस मात्र नवा अंक लागला नाही. तमिळ व मल्याळम भाषांतील कठोर 'र' नागरीत लिहिण्यासाठी 'ऱ' हे अक्षर आरंभापासून 2353 या घरात होते. त्याचा पाय मोडला, की आपली रेघ उमटावी असे ठरले. दक्षिणेकडच्या अक्षरासाठी राखलेले घर असे मराठीच्या कामी आले. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'चीच कळ शिफ्टसह दाबली म्हणजे 'ऱ' येतो. आता 'दर्या' व 'दऱ्या' यांत एकाच अंकाचे अंतर उरले: 2352 की 2353.

जुनी रीत अजून बंद झालेली नाही. त्यामुळे 'किनाऱ्यावर' हा शब्द कोणी 2353 ने लिहितो, कोणी 8205 ने. वाचणाऱ्यास दोन्ही अगदी सारखे दिसतात. परंतु एका रीतीने शब्द शोधू लागल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द संगणकास पुष्कळदा सापडत नाही.